घरच्या ओट्यावरची सॉफ्टी : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर दर उन्हाळ्यात मी सॉफ्टी करते आणि ज्यांना शिकायचं असतं त्यांना करून दाखवते. हे प्रश्न तिथे विचारले गेलेले आहेत, काही जिन्यात, काही रात्री साडेदहाला फोनवर, "अगं, हे अजून पातळच आहे, आता काय करू?" असे. सगळ्या उत्तरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, म्हणून ती आधीच सांगते. सॉफ्टी आदल्या रात्री होते. दुसऱ्या दिवशी यंत्र ती फक्त फिरवून देतं.

सॉफ्टी आणि नेहमीचं आईस्क्रीम यांत फरक काय? सॉफ्टी म्हणजे थोडं वितळलेलं आईस्क्रीमच ना?

नाही. आईस्क्रीमचा डबा बाहेर ठेवून मऊ केला तर त्यातली हवा निघून जाते आणि हातात गोड चिकट दूध राहतं. सॉफ्टी कधी कडक झालेलीच नसते.

आईस्क्रीम उणे १८ अंशांवर किंवा त्याहून थंड साठवतात. सॉफ्टी यंत्रातून बाहेर पडते ती साधारण उणे ५-६ अंशांवर. त्या तापमानाला मिश्रणातलं बरंचसं पाणी अजून गोठलेलं नसतं, बर्फाचे कण बारीक असतात आणि जीभ बधिर होत नाही. म्हणूनच वेलची, केशर, हापूस यांचा वास सॉफ्टीत लवकर कळतो. स्निग्धांशही कमी लागतो. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे साध्या आईस्क्रीममध्ये किमान १० टक्के दुधाचा स्निग्धांश असावा लागतो. सॉफ्टीचं काम ३ ते ६ टक्क्यांत होतं. घरी मी ७ टक्क्यांपर्यंत जाते, कारण घरच्या यंत्रात हवा कमी भरली जाते आणि तो भरीवपणा सायीनं सुसह्य होतो.

आमच्याकडे पूर्वी लाकडी बादलीतला आईस्क्रीमचा पॉट होता. हे त्याच जातीचं आहे का?

अगदी त्याच जातीचं. हा प्रश्न आमच्या मजल्यावरच्या आजींनी विचारला होता आणि मला तो फार आवडला, कारण पॉट कळला की यंत्र कळतं.

पॉटमध्ये मधलं भांडं, भोवती बर्फ आणि जाडं मीठ, वर दांडा. मिठामुळे बर्फ शून्याच्या खाली वितळायला लागतो आणि वितळताना भांड्यातली उष्णता ओढून घेतो. मीठ-बर्फाचं हे मिश्रण जास्तीत जास्त उणे २१ अंशांपर्यंत उतरतं. दांडा फिरवला की आतलं पातं भांड्याच्या कडेला जमलेला थर खरवडून मधे आणतं. अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन या बाईंनी १८४३ साली अशा पॉटचं पेटंट घेतलं. आजच्या यंत्रात मीठ-बर्फाच्या जागी भांड्याच्या दुहेरी भिंतीत भरलेला द्रव असतो किंवा कॉम्प्रेसर असतो आणि दांड्याच्या जागी मोटर असते. खरवडणं तेच. आजींनी यंत्राकडे पाहून "मीठ नाही, म्हणजे आईस्क्रीम खारट होण्याची भीती गेली" असं म्हटलं ते अगदी बरोबर होतं.

थेट कोनात पडणारी सॉफ्टी मात्र नंतरची. अमेरिकेतच १९३० च्या दशकात ती रुळली. डेअरी क्वीन या साखळीचं पहिलं दुकान इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावात १९४० मध्ये उघडलं.

कोणतं यंत्र घ्यावं?

ओट्यावर मावणारी यंत्रं ढोबळपणे चार तऱ्हांची येतात.

पहिलं, आदल्या दिवशी फ्रीजरमध्ये भांडं गोठवायचं ते. यातल्या काहींना खाली नळी आणि दांडी असते. दांडी ओढली की सॉफ्टी कोनात पडते. स्वस्त आणि हलकं असतं, बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नसतं. एका वेळी एकच फेरी होते.

दुसरं कॉम्प्रेसरचं. स्वतः गार करतं, लागोपाठ दोन-तीन फेऱ्या देतं. जड असतं, महाग असतं आणि ओट्यावर कायमची जागा अडवतं. हलवलं की लगेच सुरू करू नये. काही तास सरळ उभं ठेवावं, म्हणजे कॉम्प्रेसरमधलं तेल जागेवर येतं. मागे आणि बाजूला हात जाईल एवढी मोकळी जागा हवी. आपल्या मे महिन्याच्या उकाड्यात भिंतीला चिकटवलेलं यंत्र स्वतःच्याच गरम हवेत गुदमरतं.

तिसऱ्या तऱ्हेत मिश्रण डब्यात दगडासारखं गोठवायचं, त्याला २४ तास द्यायचे, मग यंत्राचं पातं ते वरून खाली तासत जातं. नव्या यंत्रांपैकी काहींत तासलेलं मिश्रण नळीतून पिळून देण्याची सोय असते. साखर कमी ठेवायची असेल त्यांना हे सोयीचं पडतं.

चौथं फक्त गोठवलेली फळं चिरडून देतं. केळ्याला छान, बाकी मर्यादित.

माझं मत विचाराल तर चार माणसांच्या घराला पहिलं पुरतं. अट एकच, फ्रीजर चांगला हवा. त्याविषयी खाली.

मुलगा अमेरिकेत असतो. तिथून यंत्र आणायला सांगू का?

नको. तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. प्लगचा अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. आमच्या ओळखीत एका घरी असं यंत्र अडॅप्टर लावून सुरू केलं, दोन मिनिटांत जळका वास आला आणि मोटर गेली. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून साधं मोटरचं यंत्र चालतं; कॉम्प्रेसरच्या यंत्राला मात्र सुरू होताना विजेचा मोठा झटका लागतो आणि हर्ट्झचा फरक ट्रान्सफॉर्मरनं जात नाही. दुबईहून कोणी येत असेल तर तिथली वीज आपल्यासारखीच आहे, फक्त प्लग बदलावा लागतो. तरीही यंत्राच्या पोटावरची पट्टी वाचूनच घ्या.

भांडं रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं होतं, तरी सॉफ्टी झाली नाही. का?

मला सगळ्यांत जास्त वेळा हाच प्रश्न येतो.

भांडं हलवून पाहा. भिंतीतल्या द्रवाचा डुचमळल्यासारखा आवाज आला तर ते गोठलेलं नाही. यंत्राच्या पुस्तिकेत १२ तास लिहिलेलं असतं. ठाण्यात एप्रिल-मेमध्ये मी २४ तासांखाली जात नाही. फ्रीजर दिवसातून वीस वेळा उघडला जातो, दर वेळी दमट हवा आत शिरते, आणि त्यात कोणीतरी मटारच्या पिशव्या नाहीतर कोमट डबे कोंबलेले असतात. भांडं सरळ, मागच्या भिंतीजवळ, तोंड प्लॅस्टिकनं झाकून ठेवा. फ्रीजरची कळ आदल्या दिवशीच सर्वांत थंडवर करा. शक्य असेल तर एक साधा फ्रीजर थर्मामीटर आत ठेवा. उणे १८ दिसायला हवं.

एकदारी जुन्या फ्रिजमध्ये वरचा बर्फाचा कप्पा पुष्कळदा इतका थंड होत नाही. तसं असेल तर तिसऱ्या-चौथ्या तऱ्हेचं यंत्रही निराश करेल. यंत्राचे पैसे फ्रिजला लावा असं मी दोन-तीन घरी सांगितलं आहे.

भांडं धुतल्यावर पूर्ण कोरडं करूनच आत ठेवा, नाहीतर कडेला बर्फाचा पापुद्रा धरतो आणि पातं अडकतं. बाहेर काढताना हात कोरडे असू द्या, ओलं बोट चिकटतं आणि दुखतं. आणि एकदा बाहेर काढलं की गप्पा नाहीत. आमच्याकडच्या हवेत उघडं भांडं काही मिनिटांतच घामेजतं.

मूळ मिश्रणाचं प्रमाण सांगा.

हे माझं रोजचं, चार ते सहा जणांसाठी :

फुल क्रीम दूध ६०० मिली, २५ टक्के स्निग्धांशाचं पाकिटातलं फ्रेश क्रीम १०० मिली, साखर ११० ग्रॅम, बिनसाखरेची दूध पावडर ४० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर १ सपाट मोठा चमचा, लिक्विड ग्लुकोज १ मोठा चमचा, मीठ चिमूटभर.

पिशवीवर 'फुल क्रीम' असेल तर ६ टक्के स्निग्धांश असतोच. टोन्ड दुधात तो ३ टक्के असतो, मग क्रीम दुप्पट करावं लागतं. तबेल्याचं म्हशीचं दूध उत्तम, पण ते आधी नीट उकळून, वरची साय मोडून घ्या. दूध पावडर घेताना पाकीट वाचा. डेअरी व्हाइटनर नावानं मिळते तिच्यात साखर असते आणि सगळं प्रमाण बिघडतं.

अर्धी वाटी गार दुधात पावडर आणि कॉर्नफ्लोअर गुठळी न होता कालवा. उरलेलं दूध साखर घालून जाड बुडाच्या पातेल्यात तापवा. उकळी आली की गॅस बारीक करून कालवलेलं दूध धार धरून घाला आणि चमच्याच्या पाठीला थर धरेपर्यंत ढवळत राहा, चार-पाच मिनिटं लागतात. उतरवून ग्लुकोज, मीठ आणि क्रीम घाला, गाळा. पातेलं परातीतल्या बर्फाच्या पाण्यात ठेवून गार करा. ओट्यावर तासन् तास निवत ठेवू नका, दमट हवेत दूध नासायला वेळ लागत नाही. मग झाकून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, रात्रभर.

रात्रभर का? या तासांत दुधातली चरबी घट्ट होते, प्रथिनं आणि स्टार्च पाणी शोषून फुगतात. न मुरलेलं मिश्रण यंत्रात हवा धरत नाही. किमान चार तास तरी द्या. मी पहिल्या वर्षी घाईत दोन तासांत काढलेलं मिश्रण आणि रात्रभर मुरलेलं मिश्रण शेजारी शेजारी करून पाहिलं होतं. दुसऱ्याचा तुरा कोनात उभा राहिला, पहिल्याचा बसला. त्यानंतर घाई केली नाही.

यंत्रात घालताना काही क्रम आहे?

आधी यंत्र सुरू करा, पातं फिरू द्या, मग मिश्रण ओता. उलट केलंत तर मिश्रण भिंतीला क्षणात चिकटतं आणि पातं थांबतं. भांडं निम्म्याहून थोडं जास्तच भरा, काठोकाठ नको, कारण हवा भरून ते फुगतं. वीस ते तीस मिनिटं लागतात. पात्यामागे पडणारी चर लगेच भरून न येता क्षणभर टिकली की झाली.

मधेच वीज गेली तर? गोठलेल्या भांड्याचं यंत्र असेल तर झाकण काढून लाकडी उलथन्यानं कडेपासून आत ढवळत राहा, पॉटसारखं. कॉम्प्रेसरचं असेल तर वीज आल्यावर पाच मिनिटं थांबूनच पुन्हा सुरू करा.

जीएमएस आणि सीएमसी पावडर वापरू का?

वापरू शकता. आईस्क्रीमचा पोत सुधारणाऱ्या या दोन पावडरी (ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट आणि कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज) ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा बेकिंगचं सामान ठेवणाऱ्या कोणत्याही दुकानात मिळतात. दोन्हींचं काम वेगळं आहे, हे फार कमी जण सांगतात. सीएमसी पाणी धरून ठेवते, त्यामुळे बर्फाचे खडे मोठे होत नाहीत. जीएमएस चरबीच्या थेंबांवरचं प्रथिनांचं आवरण थोडं सैल करते, मग ते थेंब घुसळताना एकमेकांना धरतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती जाळं तयार होतं. दुकानातली सॉफ्टी 'कोरडी' दिसते, कोनात ताठ उभी राहते, ती या जाळ्यामुळे. वरच्या प्रमाणाला सीएमसी पाव छोट्या चमच्याहून कमी आणि जीएमएस अर्धा छोटा चमचा पुरे. सीएमसी साखरेत मिसळून घाला, नाहीतर गाठी होतात. जास्त झाली तर सॉफ्टी खळीसारखी लागते.

घरी लगेच खायची असेल तर कॉर्नफ्लोअरवरच काम भागतं. मी तेच करते.

साखर निम्मी करू का?

चव म्हणून कराल, पण पोत जाईल. साखर मिश्रणाचा गोठणबिंदू खाली नेते, त्यामुळेच उणे ५ ला सॉफ्टी मऊ राहते. साखर काढली की ती लवकर कडक आणि खडेदार होते. ११० ग्रॅमची ९० ग्रॅम करा आणि ग्लुकोज तेवढंच ठेवा. ग्लुकोज कमी गोड असतं आणि मऊपणा देतं. मधुमेह असलेल्यांनी मात्र ग्लुकोज अजिबात न घालता, फळाची छोटी वाटी, आणि तीही डॉक्टरांना विचारून.

गूळ घालायचा असेल तर दूध पूर्ण गार झाल्यावर, पाक करून आणि गाळून. गरम दुधात गूळ पडला की दूध फाटू शकतं.

हापूसची सॉफ्टी कशी करायची? कच्चा रस घालू की आटवून?

कच्चा. हापूसचा वास तापवल्यावर उडतो. दूध ४५० मिली घ्या, साखर ८०, आणि २५० ग्रॅम गाळलेला गार रस मुरलेल्या मिश्रणात यंत्रात घालायच्या आधी मिसळा. डब्यातला रस असेल तर त्यात साखर असते, मग साखर आणखी कमी.

आंबा पेटीतला पहिल्या नंबरचा नको. साल सुरकुतलेली, देठाशी थोडा मऊ, बाहेरून डागाळलेला आणि आतून निरोगी असा घ्या. वाशीच्या घाऊक फळबाजारात मे अखेरीस असा माल स्वस्त निघतो. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गाबरोबर रायगड, ठाणे आणि पालघर जिल्हेही आहेत. शहापूर-मुरबाडकडचा आंबा मिळाला तर नक्की करून पाहा. मला तो सॉफ्टीत फार आवडतो.

बाकी फळं?

प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. सीताफळाचा गर अजिबात तापवू नका, कडवट होतो; आणि बिया हातानं काढा, मिक्सरमध्ये एकही जाऊ देऊ नका. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी उलट, साखर घालून आटवावीच लागते, कारण तिच्यात पाणीच पाणी आणि ते बर्फाचे खडे करतं. अननस आणि पपई कच्ची दुधात घालू नका. त्यांतली पाचक द्रव्यं दुधाची प्रथिनं तोडतात आणि तासाभरात मिश्रण कडू होतं. अननस शिजवून घ्या. शहाळ्याची मलई नारळाच्या दुधात वाटून घातली तर वर कोकमाचा पाक थेंब थेंब सोडा. कोकम दुधात घालायचं नाही, वरूनच. जांभळाचा गर घालताना मीठ थोडं वाढवा, तुरटपणा निवतो.

गुढीपाडव्याचं श्रीखंड उरलं आहे. ते यंत्रात घातलं तर?

तसंच घातलंत तर गोठणारच नाही. श्रीखंडात साखर एवढी असते की घरच्या भांड्याची थंडी तिला पुरी पडत नाही. फिरत राहतं, पातळ राहतं. एक वाटी श्रीखंडाला एक वाटी साधं गोड दही आणि अर्धी वाटी दूध, बिनसाखरेचं, असं सैल करा, दोन तास फ्रिजमध्ये ठेवा आणि मग फिरवा. केशर-वेलची असलेलं असेल तर याच्यासारखी सॉफ्टी नाही. आमच्या घरी आता मुद्दाम श्रीखंड उरवतात.

उपवासाला चालेल? दूध न चालणाऱ्यांसाठी काय?

उपवासाला कॉर्नफ्लोअर वगळा, दूध एक चतुर्थांश आटवा, सीताफळ किंवा केळं घाला. कोनऐवजी वाटीत द्या.

दूध नको असेल तर नारळाचं घट्ट दूध ४०० मिली, पिकलेली वेलची केळी पाच-सहा, साखर ४ चमचे. केळ्यातलं पेक्टिन मिश्रण बांधून ठेवतं, म्हणून क्रीमशिवायही ते मऊ राहतं.

माझ्या सॉफ्टीत लोण्याचे कण आले.

मिश्रण पुरेसं गार नव्हतं किंवा क्रीम फार झालं. घुसळताना कोमट साय म्हणजे ताकातलं लोणीच. फ्रिजमधून थेट यंत्रात घाला, मधे ओट्यावर ठेवू नका. जिभेवर वाळूसारखं लागत असेल तर दूध पावडर जास्त पडली, दुधातली साखर खडे धरते. खडे बर्फाचे असतील आणि लगेच वितळत असतील तर पाणी जास्त किंवा भांडं कमी थंड.

दुकानासारखा तुरा येत नाही. आणि कोन पावसाळ्यात सादळतात.

नळीचं यंत्र नसेल तर केकवर क्रीम काढायची पिशवी आणि चांदणीचं मोठं नोझल घ्या, दोन्ही अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा, मग सॉफ्टी भरून पिळा. कोन सरळ धरून हात फिरवायचा नाही; पिशवी स्थिर आणि कोन फिरता. पहिला वेढा कोनाच्या आत गेला पाहिजे, नाहीतर पोकळ कोनावर टोपी बसते आणि ती पडते.

कोन हवाबंद डब्यात ठेवा. सादळलेच तर मंद तव्यावर दोन मिनिटं फिरवून पूर्ण गार करा. आतून वितळलेल्या चॉकलेटचा हात मारला तर ते खालून गळतही नाहीत.

चॉकलेटचं कडक कवच घरी जमेल?

सहज, आणि त्याला लागणारं तेल आपल्या घरात असतंच. २०० ग्रॅम डार्क चॉकलेट गरम पाण्यावर वितळवून त्यात ३ मोठे चमचे खोबरेल, खाण्याचं आणि बिनवासाचं. खोबरेल साधारण २४ अंशांना वितळतं. आपल्याकडे बाटलीत ते बहुतेक वर्षभर पातळच असतं, आणि थंड सॉफ्टीला लागलं की क्षणात कडक होतं. घरची सॉफ्टी मऊ असते, म्हणून भरलेला कोन आधी दहा मिनिटं फ्रीजरमध्ये उभा करा. चॉकलेट कोमटच हवं, गरम नको. कोन उलटा करून बुडवा, दोन सेकंद, बाहेर. ओलं असतानाच शेंगदाण्याच्या चिक्कीचा चुरा लावा.

गरम जिलबीवर सॉफ्टी हे वेगळं सांगायला नको.

नेरूळला बहिणीकडे वाढदिवस आहे. करून नेता येईल का?

सॉफ्टी नेता येत नाही. मी गोठवलेलं भांडं टॉवेलमध्ये गुंडाळून ठाणे-पनवेल लोकलनं नेरूळला नेलं होतं. पोचायला रिक्षा धरून तासाहून जास्त लागला, भांडं हलवलं तर आत डुचमळत होतं, आणि बारा मुलं वाट पाहत होती. त्या दिवशी मिश्रण पेल्यांतून दुधासारखं प्यायला दिलं. आता भांडं आदल्या दिवशीच तिच्या फ्रीजरमध्ये पोचतं आणि मिश्रण त्या दिवशी बर्फाच्या पिशवीत, स्टीलच्या डब्यात येतं.

उरलेली सॉफ्टी फ्रीजरमध्ये ठेवली तर?

कडक आईस्क्रीम होतं, तेही चांगलं. पसरट डब्यात, वर प्लॅस्टिक चिकटवून ठेवा, आठवड्यात संपवा. पण पूर्ण वितळलेली सॉफ्टी पुन्हा गोठवू नका. न फिरवलेलं मिश्रण फ्रिजमध्ये दोन दिवस.

यंत्र कसं धुवायचं?

त्याच रात्री. हे टाळलं तर बाकी सगळं व्यर्थ आहे. दूध नळीच्या वळणात आणि रबरी कड्यांच्या खाचेत राहतं. आपल्या हवेत सकाळपर्यंत आंबूस वास येतो, मुंग्या आणि झुरळं ओट्यावर येतात. फ्रिजमधल्या थंडीतही वाढणारे जंतू असतात, म्हणून वास नाही म्हणजे स्वच्छ असं नाही.

आधी गार पाणी, मग कोमट साबणाचं पाणी. उलट केलंत, एकदम कढत पाणी ओतलंत, तर दुधातली प्रथिनं भिंतीला घट्ट धरतात. नळी, दांडी, पातं, रबरी कड्या सगळं सुटं करा. नळीला बाटलीचा बारीक ब्रश. गोठवायचं भांडं खोलीच्या तापमानाला आल्यावरच धुवा, डिशवॉशरमध्ये कधीच नाही. मोटरचा भाग फक्त ओल्या फडक्यानं पुसा. सगळं पालथं घालून रात्रभर वाळू द्या, आणि पाणी बंद असण्याच्या दिवशी यंत्र काढू नका.

अंडं लागतं का?

नाही. या पद्धतीत कुठेच नाही.

सोसायटीत विकायचा विचार आहे.

घरून विकायचं तरी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते, ती आधी करा. आणि वनस्पती तेलाचं मिश्रण वापरणार असाल तर त्याला आईस्क्रीम म्हणता येत नाही, 'फ्रोझन डेझर्ट' म्हणावं लागतं. गिऱ्हाइकाला ते स्पष्ट सांगा.

एका फेरीत किती कोन होतात? वीस मुलं आहेत.

वरच्या प्रमाणात आठ ते दहा लहान कोन. वीस मुलांसाठी दोन भांडी गोठवून ठेवा. एक भांडं एकाच फेरीचं असतं, लगेच दुसरी फेरी त्यात होत नाही. गच्चीवर संध्याकाळी सहानंतर, वारा सुटल्यावर करा. यंत्र सावलीत, कोन आधीच रांगेत लावलेले, ओले रुमाल हाताशी. आधी सगळ्यांत लहान मुलं, कारण पहिले चार कोन सगळ्यांत घट्ट येतात आणि लहान हातांत तेच टिकतात. नंतरचे मोठ्यांनी वाटीत घ्यावेत.